प्रमाण चेहरा

"फोडायचं तर तुम्हीच फोडा, डॉक्टरबाई. माझा हात धजत नाही," एर्विन मास्तर म्हणाले आणि त्यांनी हातोडी मिरकापुढे सरकवली.

काचेच्या पेटीत मास्क तपासायचं जुनं नकली डोकं श्वास घेत होतं. मागचा भाता हवा आत ओढायचा, बाहेर सोडायचा. गळती तपासायला सोडलेल्या मिठाच्या पांढऱ्या धुक्यात त्याचे ओठ ओले दिसायचे. मिरकाला ते बघवत नसे. यंत्र बंद केलं तरी तो आवाज तिच्या कानात राही.

खाणीतले सगळे मास्क वर्षानुवर्षं एर्विन मास्तरांनी घडवलेल्या या एकाच डोक्यावर पास झाले होते. रुंद गाल, बसकं नाक, हनुवटीला खळी. वॉर्साहून आलेल्या संशोधक मिरकाने सिलेसियाच्या खाणपट्ट्यात फिरून खाणकामगारांचे चेहरे मोजले आणि त्यांतून पाच मापांची पाच नवी डोकी घडवली. पाचही डोक्यांवर जुना मास्क नापास झाला. कुठे गालापाशी हवा शिरे, कुठे नाकापाशी. जुन्या डोक्यावर मात्र केसाएवढीही फट नाही.

"एका माणसाच्या मापाचा जोडा अख्ख्या गावाच्या पायात घातलात की!" पहिल्याच दिवशी ती तडकून बोलली होती. म्हातारा चिडला नव्हता. मान खाली घालून बसला होता.

आज तिने हळूच विचारलं, "साचा कुणाचा घेतला होता, मास्तर?"

"माझ्या गेरार्डचा. नुकताच खाणीत लागला होता. नियमात नुसतं 'पुरुषाचं डोकं' लिहिलेलं. कुणाचं, ते नव्हतं." ते थांबले. "खोटं कशाला बोलू? म्हटलं, निदान माझ्या पोराला तरी घट्ट बसावा."

"खाणीतल्या त्या आगीच्या वेळी तो..."

"तिसऱ्या पाळीत."

ती पाळी आगीच्या धुरात, तोंडावर मास्क असूनही, गुदमरली होती. तिसरी पाळी म्हटलं की या गावातल्या बायका अजून छातीवर क्रूस काढत. खिडकीत लाल काचेचे दिवे ओळीने जळत होते. आज मृतांचा दिवस. सगळं गाव दिवे घेऊन कबरींकडे गेलेलं.

"तुम्ही नाही गेलात?"

"कुठल्या तोंडाने जाऊ, बाई?"

बापाने एवढं केलं, आणि तरीही पोरगा गेला! तिने हातोडी बाजूला ठेवली. "नाही फोडायचं. घरी न्या. लेकाचा चेहरा आहे तो."

"घरी नको!" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले की ती दचकली. "घरी रोज बघतो मी तो चेहरा. जेवतानाही समोर असतो."

फोटो असेल, तिला वाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. पन्नाशीचा एक माणूस टोपीवरचं पाणी झटकत आत आला.

"बाबा, चला आता. बस जाईल."

रुंद गाल. बसकं नाक. हनुवटीला खळी. मिरकाने पेटीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. दोघेही श्वास घेत होते.

"मी गेरार्ड," तो तिची नजर चुकवत म्हणाला. "तिसऱ्या पाळीतून जिवंत वर आला ना, तो मीच. एकटाच."