टाकीपर्यंत

पाण्याच्या टाकीपाशी पोचलं की सांगून टाकायचं, असं सरांनी सकाळी घरून निघतानाच पक्कं केलं होतं. उद्यापासून मी फिरायला येणार नाही, तुम्ही तुमचं चाला. बस, एवढंच.

टाकी अजून चांगलीच लांब होती. पूर्वी सर तिथे सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि कमरेवर हात ठेवून मागच्यांची वाट बघायचे. वाट कसली, उद्धार करायचे. "अरे, पाय उचला की! गोगलगायी पुढे गेल्या!" शाळेत पीटी शिकवून शिकवून त्यांचा आवाज असा झाला होता की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहावीत.

आता डावा पाय त्यांचंच ऐकत नव्हता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याने जणू राजीनामाच दिला होता. काठी टेकायची, उजवा पाय टाकायचा, मग डाव्याला ओढून आणायचं. जन्मभर दुसऱ्यांना पळवणाऱ्या माणसाला हे सोसत नव्हतं.

शेजारून कंडक्टर चालले होते. नोकरी कधीच संपली, नाव तेवढं चिकटून राहिलं. मागे नर्सबाई होत्या. आणि सगळ्यांत पुढे टेलर, नेहमीसारखा चपला फटफटवत. नीट बूट घे म्हणून सरांनी त्याला कितीदा झापलं असेल, पण पठ्ठ्या काही बधला नाही.

"जरा हळू हं," नर्सबाई म्हणाल्या. "माझे गुडघे आज फार कुरकुरतायत."

"माझंही पोट जड झालंय," कंडक्टर लगेच म्हणाले. "रात्री चार घास जास्त गेले."

काल कंडक्टरांची पाठ धरली होती, परवा मान. आणि या कुरकुरत्या गुडघ्यांच्या नर्सबाई संध्याकाळी नातवामागे अंगणभर पळताना सरांनी खिडकीतून पाहिल्या होत्या. म्हणजे आपल्या एका पायापायी या भल्या माणसांनी रोज नवं दुखणं शोधायचं? शाळेतली पोरंसुद्धा याहून बऱ्या थापा मारायची. सरांना राग आला. त्या रागाखाली जे भरून येत होतं, त्याचा तर जास्तच आला.

वळणावर डावा पाय अडला. काठी हातातून निसटता निसटता राहिली. सर भिंतीला हात लावून उभे राहिले, धापा टाकत. टाकी समोर दिसत होती, पण तेवढंही जमेलसं वाटेना. तिथपर्यंत कशाला थांबायचं, इथेच सांगावं.

"हे बघा," ते म्हणाले, "उद्यापासून..."

"थांबा, थांबा!" पुढून टेलर ओरडला. "कुणी पुढे जाऊ नका! माझी लेस सुटली!"

आणि तो रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसला. कंडक्टर थांबले. नर्सबाई थांबल्या.

"सावकाश बांध, बाबा," त्या म्हणाल्या. "आपल्याला कुठे गाडी पकडायचीय?"

सरांनी मान लांब करून पाहिलं. टेलर दोन्ही हातांनी, अगदी मन लावून, काहीतरी बांधत होता. पायात त्याच जुन्या चपला होत्या.

कंडक्टर एकाएकी आभाळाकडे बघू लागले. नर्सबाईंनी तोंडावर रुमाल धरला. टेलरची बोटं जागच्या जागी थांबली. त्याने मान काही वर केली नाही, पण कान लालबुंद झाले.

सरांचा श्वास हळूहळू जाग्यावर आला. डोळ्यांचं मात्र काही खरं नव्हतं, ते त्यांनी बाहीने पुसले.

"उद्यापासून काय म्हणत होतात, सर?" कंडक्टरांनी भीत भीत विचारलं.

सरांनी काठी टेकली, उजवा पाय टाकला, डावा ओढून आणला आणि टेलरच्या डोक्यापाशी येऊन उभे राहिले.

"गाठ सैलच बांध रे," ते म्हणाले. "उद्या याच वळणावर परत सुटायला हवी."