खोटारडा दिवा

चाकांवरच्या त्या इवल्याशा घरात, भाड्याच्या कॅम्पर व्हॅनमध्ये, पहिल्याच दिवशी संडासाच्या टाकीचा लाल दिवा लागला आणि तिने आरडाओरडा केला. टाकी भरली म्हणजे आता सगळी घाण वर येणार, पार पोरांच्या अंथरुणापर्यंत! नवरा बिचारा चिखलात गाडीखाली शिरला. व्हॉल्व्ह उघडून बघतो, तर टाकी जवळजवळ रिकामी.

"अगं, सेन्सरला कागद चिकटला असणार. खोटारडा आहे तो."

पण दिवा रोज लागायचा, रोज तिला धडकी भरायची आणि रोज टाकी रिकामीच निघायची. शेवटी पोरांनी तिचं नाव भित्री भागूबाई ठेवलं आणि नवऱ्याने दिव्यावर चिकटपट्टी लावून टाकली.

आज दुपारी बाहेर कडाक्याची थंडी होती. खिडक्या घट्ट लावून, गॅसचा हीटर पेटवून सगळे आडवे झाले होते. तेवढ्यात छतावरचा विषारी वायूचा अलार्म केकाटायला लागला. ती ताडकन उठून बसली.

"अहो, उठा ना!"

"झोप गं, भागूबाई," तो डोळे न उघडताच पुटपुटला. "हाही त्या दिव्याचाच भाऊ."

शेवटी तिने अलार्मचा सेल काढला. एवढ्या गोंगाटातही पोरांची झोप मोडली नाही, हे बघून तिला हायसं वाटलं.

मग तीही आडवी झाली. नाहीतरी मगाचपासून तिचं डोकं जडच झालं होतं.