हिरवं झालं

"दाबा साहेब, बिनधास्त दाबा," नवं सॉफ्टवेअर विकायला आलेला विक्रेता म्हणाला. साहेबांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. 'यशस्वी.'

साहेबांना कोण आनंद झाला. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरांवर प्रोग्राममधला बदल चढवायचा म्हणजे आजवर कॉम्प्युटर विभागातल्या ताईंची मनधरणी. त्यांची ती वही, त्यातल्या एकेचाळीस पायऱ्या, काळ्या पडद्यावरची ती न कळणारी टकटक. आपल्याशिवाय पान हलू नये म्हणूनच बाईंनी हे अवघड करून ठेवलंय, असा साहेबांना जुना संशय. ताईंना तो ठाऊक होता आणि झोंबतही होता. पण आज त्यांना त्या बटणाचाच जास्त संशय येत होता. इतक्या पटकन 'हो' म्हणणाऱ्या कुणावरच त्यांनी कधी विश्वास ठेवला नव्हता.

"बघा, एका बोटाचं काम. वही आता कपाटात ठेवा," म्हणत साहेबांनी फोनकडे हात नेला. लहान मुलांच्या वॉर्डात एका औषधाचा डोस प्रोग्राममध्ये चुकून पाच मिली नोंदला गेला होता, तो दोनवर आणायचा होता. सिस्टर पडद्यावरचा आकडा बघूनच औषध भरत. नवा आकडा आल्याचा साहेबांचा फोन येईपर्यंत त्यांना थांबायला सांगितलं होतं.

ताईंनी फोनवर हात ठेवला. मग वाकून टेबलाखालून नेटवर्कची वायर ओढली आणि तिचं मोकळं टोक साहेबांच्या कपाशेजारी ठेवलं.

"तुम्ही बटण दाबायच्या आधीच काढली होती."

साहेब एकदा वायरीकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिले. "मग हे हिरवं कसं झालं?"

"तुम्ही बटण दाबलंत ना साहेब," विक्रेता हळूच म्हणाला. "त्याचं आहे ते."

साहेब ताईंवरच उखडले. "वायर तुम्हीच काढलीत, वर आम्हालाच दाखवताय?"

"मी निदान सांगितलं तरी. उंदीर काही सांगून वायर कुरतडत नाही."

"आणि तुमच्या वहीतून कसं कळतं, पोचलं की नाही ते?"

ताईंनी वहीचं शेवटचं पान उघडून पुढे सरकवलं. एकेचाळिसावी पायरी: वॉर्डात फोन करून आकडा वाचून घेणे.

साहेबांनी कपाळाला आठ्या घालत नंबर लावला, स्पीकर चालू केला.

"सिस्टर, त्या औषधापुढे आकडा काय दिसतोय?"

"पाच, साहेब. भरूनच बसलेय, तुमच्या फोनची वाट बघत. देऊ ना आता?"