तीन बोटांचं माप

कौतिक जमादाराला लाज म्हणून नाही. आमच्या भोईवाड्यात आला, की आधी टोपलीतला मोठा मासा पिशवीत घालतो आणि मग सरकारी हुकूम ऐकवतो. हुकूम तसा शहाणपणाचा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. गिरणा नदीत टाकायच्या जाळ्याच्या घरातून तीन बोटं आरपार गेली पाहिजेत, म्हणजे माशांची पिल्लं सुटून जातात. तीन वर्षांपूर्वी यानेच स्वतःची बोटं घालून माझं जाळं पास केलं होतं.

आज तेच जाळं त्याने पुन्हा हातात घेतलं. बोटं घातली, तर अडकली. जोर केला, तरी जाईनात.

"झुंबरबाई, घर बारीक शे. जाळं जप्त!"

जाळं गेलं तर घरात खाणार काय? मी म्हटलं, "जमादार, गाठ न् गाठ तीच शे."

"मग सूत आटलं असेल. सरकारी माप म्हणजे माप."

मी सुनेला बोलावलं. तिची बोटं गेली. माझी गेली. लेक छगन वल्ह्यासारख्या हाताचा, त्याचीही गेली. सारा घाट हसायला लागला. जमादार आपल्याच बोटांकडे बघत राहिला.

मी त्याच्या पिशवीतला मासा काढून टोपलीत परत टाकला आणि म्हटलं, "जाळं नाही आटलं, भाऊ. फुकटचे मासे खाऊन खाऊन सरकारचं माप सुजलंय. महिनाभर नुसती भाकर-मिरची खा, मग ये मोजायला!"