विम्याचा कापूस

बैल जू सोडून कधीच काठाला लागले होते, पण जानराव काही गाडीचा दोर सोडायला तयार नव्हता. छातीएवढ्या पाण्यात उभा राहून तो रुतलेली गाडी एकटाच ओढत होता. ऊन चांगलं पडलं होतं. वर मेळघाटात कुठेतरी अवकाळी पाऊस झाला असणार. त्याचं गढूळ पाणी पूर्णेला अचानक आलं होतं.

गाडीत घरचा वर्षाचा सगळा कापूस होता. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, म्हणून जानरावाने या खेपेला शहाणपणा केला होता. अंजनगावच्या शेठकडे विमा उतरवला होता. अकोल्याच्या वाटेत आग लागो की पूर येवो, कापसाची किंमत शेठ भरून देणार. निघाल्यापासून त्याने हे मैनाबाईला इतक्यांदा समजावलं, की तिला ते पाठ झालं होतं. आता समजावायची पाळी तिची होती.

"अवो, सोडा तो दोर!" ती काठावरून ओरडली. "इमा हाये ना कापसाचा!"

"हाये म्हनून सोडून देऊ काय?" जानरावाच्या तोंडात पाणी गेलं. "शेठ काय म्हनन? मुद्दाम बुडवला म्हनन!"

भला माणूस! पैसे मोजून घेतलेल्या विम्याचीही त्याला लाज वाटत होती. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नाही, पण मैनाबाईला तो असाच आवडत होता.

"शेठले मी सांगतो काय सांगायचं ते! कापसाचा इमा हाये, तुमचा नाई!"

गाडी कलली. कापूस पाणी पिऊन जड झाला होता, आणि दोराबरोबर जानरावही धारेकडे ओढला जात होता. मागे थांबलेल्या गाडीवानांनी हाका मारल्या. त्याने त्याही ऐकल्या नाहीत.

मैनाबाई गुडघाभर पाण्यात शिरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "जानराव!"

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. जानरावाने दचकून मान वळवली आणि दोर हातातून सुटला.

गाडीवानांनी त्याला ओढून काठावर घेतलं. खाली वळणावर गाडी उलटली, गठ्ठे फुटले, आणि पांढरा कापूस गढूळ पाण्यावर पसरत गेला. मैनाबाईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती रडत रडत पदराने नवऱ्याचं डोकं खसाखसा पुसत होती, आणि चार माणसांत हे काय करून बसले म्हणून मान वर करत नव्हती.

"लय नुकसान झालं न, भाऊ?" एका गाडीवानाने हळहळून विचारलं.

जानरावाचं लक्षच नव्हतं. थंडीने त्याचे दात वाजत होते.

"अजून एक डाव घे न वं," तो बायकोला हळूच म्हणाला. "नाव."