धुराड्यावरची झडप

भिंतीतल्या शेकोटीत काजळीचं ढेकूळ पडलं. त्यामागून आणखी एक.

बाटलीतलं दूध पुन्हा गार झालं.

छपरावर, धुराड्याच्या तोंडाशी, पत्र्याची नवी कोरी झडप. बाहेर उघडते. आत उघडत नाही.

पुढच्या दाराची बेल वाजून वाजून थांबली.

भिंतीच्या आत कुणीतरी बारीक आवाजात किंचाळत होतं.

"ऐकू येतंय का?" मोठ्या बाईंनी विचारलं. "की कानातही काजळी गेलीय?"

धुराडेवाला शेकोटीसमोर उकिडवा बसला होता. ती झडप त्यानेच काल लावली होती. धुराडी साफ करणं आणि त्यांत शिरलेले पक्षी, खारी, मांजरं बाहेर काढणं हा त्याचा धंदा. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. खुर्ची सुटून बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत आणि घरात नाव तेच राहिलं होतं. आवाजही तोच.

"काल काय म्हणालात? खार एकटी आहे. झडपेतून एकदा बाहेर पडली की परत आत येणार नाही, विषय संपला. म्हणालात ना?"

"म्हणालो."

"आणि ही पिल्लं?"

"या दिवसांत सहसा नसतात, बाई."

"सहसा!" मोठ्या बाईंनी तो शब्द तोंडात खडा आल्यासारखा बाहेर टाकला. "तुमच्या सहसापायी आई बाहेर आणि लेकरं आत कोंडलेली. कालपासून पोटात काही नाही त्यांच्या. आत हात घालून बघायला काय झालं होतं? हात झिजला असता?"

धुराडेवाल्याने मान खाली घातली. खाली काजळीच होती, तिच्याकडे बघत राहिला.

मोठ्या बाईंचा मुलगा बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होता. बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं. बाटली तोंडाशी नेली की मान फिरवायचं.

"दात येताहेत," कुणी न विचारताच तो म्हणाला.

"होतं असं," धुराडेवाला म्हणाला. विषय बदलला म्हणून त्याला बरं वाटलं. "सूनबाई कामावर गेल्यात वाटतं?"

"तुम्ही आधी वर चढा," मोठ्या बाई कडाडल्या. "चौकशा नंतर."

"झडप काढून ठेवतो. उद्यापर्यंत ती आपणहून—"

"उद्यापर्यंत जगतील?"

त्याने पिशवीतून पाना काढला.

"मग? झडप आत्ता निघेल. पिल्लं आत्ता बाहेर येतील. आणि तिने ती नेलेली मी डोळ्यांनी बघेपर्यंत तुमची शिडी माझ्या अंगणातून हलायची नाही."

तो वर गेला. पत्र्यावर पाना आपटल्याचे आवाज आले. खाली आला तेव्हा झडप त्याच्या हातात होती. तिच्यावर नखांचे ओरखडेच ओरखडे. कडेला सुकलेलं रक्त.

"पार ओरबाडून काढलीय तिने," तो हळू म्हणाला.

"ओरबाडणारच! तुम्हाला काय वाटलं, दमून निघून जाईल?"

मग त्याने शेकोटीत अर्धं अंग घातलं. धुराड्याच्या पोटात, वळणावर, एक अरुंद कट्टा होता. तिथून त्याने पिल्लं एकेक करून काढली. डोळेही न उघडलेली, काजळीने माखलेली, अंगठ्याएवढी. मोठ्या बाईंनी स्वतःच्या गुडघ्यांसाठीची गरम पाण्याची पिशवी आणून खोक्यात ठेवली. वर जुना स्वेटर पसरला.

"हळू! बटाटे नाहीयेत ते."

खोकं छपरावर, धुराड्याच्या पायथ्याशी गेलं. तिघं मागच्या अंगणात भिंतीला पाठ लावून उभे राहिले. बाळ मुलाच्या खांद्यावर रडतच होतं, पण आता आवाज बसला होता.

"येईल का ती?" मुलाने विचारलं. "एवढी माणसं बघून?"

"आई आहे ती. माणसंच काय, छपराला आग लागली असती तरी आली असती."

खार कुंपणावरच होती. शेपटी आपटत, दात वाजवत तिघांनाही शिव्या घालत होती. मग एकदम छपरावर. खोक्यात डोकं. एक पिल्लू मानेशी धरलं आणि भिंतीवरून, तारेवरून, शेजारच्या झाडात.

परत आली. दुसरं नेलं.

शेवटचं पिल्लू तोंडातून निसटून पन्हळीत पडलं. धुराडेवाल्याने शिडीला हात घातला.

"थांबा! तिचं तिला करू दे."

खारीने पन्हळीत उतरून ते शोधलं, उलटंपालटं केलं, पुन्हा नीट धरलं. झाडाची फांदी हलली आणि मग थांबली.

मोठ्या बाईंनी पदराने डोळे टिपले. पण राग काही ओसरला नव्हता.

"तान्ह्या लेकरांना आईपासून तोडायचं," त्या म्हणाल्या. "आणि वर शांतपणे घरी जाऊन जेवायचं. तुम्हाला झोप कशी लागते हो?"

"चुकलो, बाई."

"मला काय सांगता? तिला सांगा."

धुराडेवाला गोंधळला. मग खरोखरच झाडाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला. शिडी खांद्यावर घेतली, ओरबाडलेली झडप काखेत मारली आणि मागच्या फाटकातून निघून गेला.

मुलगा तिथेच उभा होता. बाळाला त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"आई, मी काय म्हणतो—"

"तू मध्ये बोलू नकोस."

मागच्या रविवारी सून बाळाचं औषध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती, आणि परत आली तेव्हापासून मोठ्या बाईंनी तिला घरात घेतलं नव्हतं.