धाकटा पेल

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास ग्लोरिया पेलचा अर्ज फेटाळला गेला. नवऱ्याची रक्षा डनफोर्डच्या जुन्या दफनभूमीत पुरायची परवानगी तिने मागितली होती. रक्षेचा डबा तिच्या मांडीवर होता.

त्या दफनभूमीचा नियम सगळ्या गावाला पाठ आहे. समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्या वसाहतकारांचे वंशज, आणि लग्नाने त्यांचे झालेले नवरे-बायका, एवढ्यांनाच तिथे जागा. बाकीच्यांसाठी टेकडीपलीकडे नवी दफनभूमी आहे, रस्त्याला लागून. ग्लोरियाचा नवरा रसेल पेल समुद्रात शेवंडं पकडायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या दफनभूमीतलं गवत कापायचा. ओकच्या झाडाखालची एक जागा त्याने केव्हाच हेरून ठेवली होती.

दफनभूमीच्या मंडळावर दोघंच होते. अध्यक्ष मार्जरी टोलंड आणि सभासद एलवुड स्नो. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडलेली.

"रसेलचा मूळपुरुष अमोस पेल. पहिल्या जहाजावरचा," ग्लोरिया म्हणाली. "त्याचा मुलगा धाकटा अमोस. गावाच्या जुन्या वहीत लिहिलंय, अमोस पेल धाकटा. रसेल त्या धाकट्याचा वंशज."

"मुलगा कुठे लिहिलंय?" मार्जरीबाईंनी विचारलं.

"धाकटा लिहिलंय की."

"धाकटा म्हणजे मुलगा नव्हे." मार्जरीबाईंनी चष्मा काढला. हे वाक्य त्यांनी या टेबलाशी अनेकांना ऐकवलं होतं. "त्या काळी गावात एकाच नावाची दोन माणसं असली, की मोठ्या वयाचा थोरला आणि लहान वयाचा धाकटा. नात्याचा संबंध नाही. तुमचा धाकटा कुठल्या दुसऱ्या गावाहून आलेला पिंपं बनवणारा असेल. असे डझनभर पाहिलेत मी."

ग्लोरियाने पिशवीतून पेल घराण्याचं बायबल काढलं. पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, लग्नं, मृत्यू लिहिलेले होते. 'अमोस, अमोसचा पुत्र' ही ओळ सगळ्यांत वर होती.

मार्जरीबाईंनी पान उजेडाकडे धरलं. "सगळं एका शाईत, एका हातचं. कुणातरी पणजीने एका दुपारी बसून आठवेल ते लिहिलंय. याला पुरावा म्हणत नाहीत, बाई. हे घरी न्या आणि जपून ठेवा."

एलवुड खिडकीबाहेर पाहत होता. त्याचं मत विचारलं गेलं नाही.

ग्लोरियाने बायबल पिशवीत ठेवलं, डबा उचलला आणि ती दारापर्यंत गेली. तिथे वळली.

"आणि तुमचा तिसरा, मार्जरीबाई?"

"कोण तिसरा?"

"तुमच्या माहेरचा, एझ्रा होल्ट तिसरा. दर थँक्सगिव्हिंगला चर्चच्या जेवणात ऐकतो आम्ही. पहिल्या जहाजावरचा आजा एझ्रा, बाप एझ्रा, नातू एझ्रा. टर्की थंड होते तोवर ऐकतो. तो नातू आहे हे कुठे लिहिलंय?"

"अर्थातच गावाच्या—"

मार्जरीबाई थांबल्या. एलवुडने खिडकीवरून नजर काढली आणि जुन्या वहीची नक्कल पुढे ओढली. त्याला फार शोधावं लागलं नाही. अमोस पेल धाकटा आणि एझ्रा होल्ट तिसरा ही नावं एकाच पानावर होती. एकाच साली, एकाच कारकुनाने लिहिलेली. त्यापुढे कुठलंच नातं नव्हतं.

"म्हणजे गावात एझ्रा नावाची तीन माणसं होती," एलवुड म्हणाला. "एवढंच म्हणता येईल. तुझ्याच हिशेबाने, मार्जरी."

"माझ्या आईने ती वंशावळ सिद्ध केलीय."

"कशावरून?"

"आम्हाला माहीतच होतं ते."

"पेलांनाही माहीतच होतं." एलवुडने वही मिटली. "पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा लागेल. होल्टांचा. मी नाही घेतला तर दुसरं कुणीतरी घेईल. ग्लोरिया दुपारपर्यंत बंदरावर पोचेल, आणि तिथले लोक काही मुके नाहीत."

मार्जरीबाई घरी न जाता दफनभूमीत गेल्या. त्यांचे दिवंगत पती क्लिफ्टन टोलंड तिथे ओकच्या झाडाजवळ आहेत. क्लिफ्टन ओहायोचे. त्यांना ती जागा बायकोच्या वंशावळीवर मिळाली होती. दगड दोघांचा मिळून एकच आहे. मार्जरीबाईंचं नाव आणि जन्मसाल त्यावर आधीच कोरलेलं आहे. त्यापुढे एक छोटी आडवी रेघ आहे, आणि रेघेपुढे कोरा दगड.

त्यानंतरचे दोन दिवस मार्जरीबाई गावाच्या दप्तरखान्यात बसून होत्या. तिसऱ्या एझ्राच्या बापाचं नाव कुठे मिळालं नाही. त्या कारकुनाने एकदा तरी, निदान एका घराण्यात, 'धाकटा' हा शब्द खऱ्या मुलासाठी वापरल्याचा दाखला मिळाला असता, तरी होल्टांना आधार झाला असता. तसा दाखला गावात एकाच ठिकाणी असल्याचं त्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी त्यांनी ग्लोरियाला फोन केला.

"ग्लोरिया, ते बायबल जरा पुन्हा बघायला हवं. मी त्या दिवशी घाईत होते. शाई दोन प्रकारची असावी, असं आता वाटतंय."

"एकाच प्रकारची आहे," ग्लोरिया म्हणाली. "एका दुपारी बसून लिहिलेलं आहे. पुरावा म्हणत नाहीत त्याला." तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी मार्जरीबाईंची गाडी पेलांच्या घरासमोर थांबली. शेजारच्यांनी पाहिलं, त्यांच्या हातात अर्जाचा नवा, कोरा कागद होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत रक्षेचा डबा होता आणि त्याला टेकून बायबल. ग्लोरियाने लाकडी दार उघडलं, पण पुढचं जाळीचं दार लावलेलंच ठेवलं.

मार्जरीबाईंनी विचारलं, "आत येऊ का?"

ग्लोरिया म्हणाली, "तुम्ही कोणाच्या?"

दुपारी बारापर्यंत गाडी तिथेच उभी होती, आणि मार्जरीबाई पायरीवर बसलेल्या होत्या.